शस्त्राचें इमान

लढायांचा इतिहास लिहितांना आपले ग्रंथकार फौजेची मोजदाद मोठ्या काळजीनें करतात. घोडदळ किती, पायदळ किती, तोफा किती, बंदुका किती, हे आंकडे बखरींतून, दप्तरांतून आणि परकीयांच्या टिपणांतून शोधून काढले जातात, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या बंदुकांपैकीं कितींनीं ऐन वेळीं दगा दिला, आणि तो कां दिला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. शस्त्र हें शिपायाचें चाकर. आणि चाकराचा पहिला गुण म्हणजे इमान. पहिली गोळी सुटली आणि दुसरी सुटली नाहीं, तर पहिलीचा उपयोग शत्रूला आपली जागा दाखविण्यापुरताच होतो.

आज सातारा किंवा सांगली जिल्ह्यांतील ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कोणत्याहि दुकानांत गेलें असतां “भाग कंपनीचा घालूं, कीं लोकल?” हा प्रश्न कानीं पडतो. तेथें चुकीच्या उत्तराची किंमत म्हणजे फार तर एका दिवसाची नांगरट. शस्त्रांच्या बाबतींत हाच प्रश्न विचारला म्हणजे त्याची किंमत एका मनुष्याच्या प्राणाइतकी होते. आणि राष्ट्रापुढें तोच आला म्हणजे ती स्वातंत्र्याइतकीहि होऊं शकते. या दृष्टीनें आपल्या भागाच्या इतिहासाकडे पाहावें, असा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम शस्त्राचा ज्या भागाशीं हा प्रश्न विशेष निगडित आहे, त्याची ओळख करून घेतली पाहिजे. स्वयंचलित पिस्तुलाच्या दस्त्यांत पत्र्याची एक लांबट पेटी सरकविलेली असते. तिला मॅगझीन म्हणतात. वाचकांच्या हातांतील या मासिकाच्या जातीलाहि इंग्रजींत तोच शब्द आहे, आणि दोहोंचें मूळ ‘मखझन’ म्हणजे कोठार या अरबी शब्दांत आहे. या कोठारांत काडतुसें एकावर एक रचलेलीं असतात. खालून एक स्प्रिंग त्यांना वर ढकलीत असते. आणि पेटीच्या वरच्या तोंडाशीं पत्र्याच्या दोन कडा आंत वळविलेल्या असतात, त्या वरचें काडतूस धरून ठेवतात. या कडांना ओठ म्हणतात. गोळी सुटली कीं पिस्तुलाचा वरचा भाग मागें जाऊन रिकामें काडतूस बाहेर फेकतो, आणि पुढें येतांना ओठांतील नवें काडतूस नळींत लोटतो. हें सर्व डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं घडतें. ओठ केसभर फांकलेले असले तर काडतूस अवेळीं उसळतें. केसभर मिटलेले असले तर तें वाटेंत अडकतें. स्प्रिंग शिणली असली तर शेवटचीं काडतुसें वर येतच नाहींत. नळी उत्तम पोलादाची असो, नेमबाज अर्जुनासारखा असो, ती चार पैशांच्या पत्र्याची पेटी बिघडली कीं पिस्तूल एकबारी होतें. रिव्हॉल्व्हरचें तसें नसतें. त्याचें चक्र फिरत असतें, आणि एक काडतूस फुसकें निघालें तर घोडा पुन्हा दाबतांच पुढचें समोर येतें. पिस्तुलाचा वेग अधिक, पण त्याची क्षमा कमी.

आतां अशी पेटी हरवली किंवा वांकली तर दुसरी आणावी कोठून? मूळ कारखान्याची मिळाली तर उत्तमच. न मिळाली तर कोणी कुशल कारागीर जुनी पेटी समोर ठेवून तशीच नवी करून देतो. ती डोळ्यांना हुबेहूब दिसते. कधीं कधीं मूळ पेटीहून देखणीहि असते. तरी ती दगा देते, तें कां? आमच्या मतें सर्व विषयाचें मर्म येथें आहे. कारखान्यांत भाग तयार होतो तो आराखड्यावरून. त्या आराखड्यांत प्रत्येक ठिकाणचें माप तर दिलेलें असतेंच, पण तें माप कोठें किती चुकलें तर चालेल आणि कोठें मुळींच चुकतां कामा नये, हेंहि दिलेलें असतें. नकलकाराच्या हातीं आराखडा नसतो. त्याच्या हातीं एक नमुना असतो. त्या नमुन्यांत कोणतें माप जाणूनबुजून राखलेलें आहे आणि कोणतें योगायोगानें आलें आहे, हें त्याला नमुना कधींच सांगत नाहीं. म्हणून नमुन्यावरून केलेला भाग त्या एका नमुन्याचा जुळा भाऊ होतो; आराखड्यावरून केलेला भाग त्या जातींतील सर्व शस्त्रांचा सोयरा होतो.

वायव्य सरहद्दीवरील दरा आदमखेल या गांवचे कारागीर याचें प्रसिद्ध उदाहरण आहेत. साध्या हत्यारांनीं त्यांनीं इंग्रजी रायफलींच्या व नानाविध पिस्तुलांच्या नकला केल्या. इंग्रजी राजमुकुटाचा शिक्कासुद्धां ते उठवीत. मात्र त्याखालच्या अक्षरांत चुका राहत, त्यावरून जाणता मनुष्य नक्कल ओळखी. त्यांच्या हस्तकौशल्याविषयीं शंका नाहीं. पण एका बंदुकीसाठीं कानशीनें घांसून बसविलेला तुकडा शेजारच्या बंदुकींत बसेलच अशी खात्री नसे, आणि पोलाद कसें मिळेल तसें वापरलेलें असे.

हा दोष केवळ सरहद्दीचा नव्हे. जगांत सर्वत्र शस्त्रें प्रथम अशींच होत असत. फ्रान्समध्यें ऑनोरे ब्लांक नांवाच्या कारागिरानें बंदुकीच्या चापाचे भाग इतक्या सारख्या मापाचे केले कीं, ढिगांतून कोणतेहि उचलून चाप जुळवितां येई. हा प्रयोग १७८५ सालीं अमेरिकेचे वकील जेफर्सन यांनीं पाहिला, आणि त्याचें महत्त्व तत्काळ ओळखून आपल्या सरकारास कळविलें. त्यानंतर पांचच वर्षांनीं आमच्या भागांतील एक सरदार एका मोठ्या वेढ्यांत गुंतला होता. दोन्ही चित्रें शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत.

तासगांवचे परशुरामभाऊ पटवर्धन यांनीं १७९० च्या सप्टेंबरांत धारवाडास वेढा घातला. टिपूविरुद्धच्या त्या मोहिमेंत इंग्रजांची एक तुकडी कॅप्टन लिटल याच्या हाताखालीं भाऊंच्या मदतीस होती. त्या तुकडींतील एडवर्ड मूर या तरुण अधिकाऱ्यानें १७९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या वृत्तांतांत मराठी तोफखान्याचें वर्णन केलें आहे, आणि तें वाचून हंसावें कीं खेद करावा हें कळत नाहीं. तोफ भरली कीं गोलंदाज अर्धा तास गप्पा मारीत व हुक्का ओढीत बसत. मग बार काढीत. समोर मोठी धूळ उडाली तर समाधान मानीत, आणि पुन्हा भरून हुक्क्याकडे वळत. दुपारीं जेवणाच्या वेळीं दोन्ही बाजूंच्या तोफा परस्परसंमतीनें गप्प राहत. किल्ला हातीं येण्यास १७९१ चा एप्रिल उजाडला.

मूरनें यांत आळस पाहिला. तो नव्हता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु लहानमोठ्या, जुन्यानव्या, निरनिराळ्या तोंडांच्या तोफा एका मोर्च्यावर उभ्या असल्या म्हणजे एकीचा गोळा दुसरीस चालत नाहीं. सैल गोळा नेम चुकवितो आणि घट्ट गोळा नळी फोडतो. अशा तोफखान्यांत घाई करणें हा शौर्याचा भाग नसून आत्मघाताचा आहे, हें अनुभवी गोलंदाज जाणून असणार. ज्या तोफेवर विश्वास नाहीं, तिच्याजवळ मनुष्य सावकाशच जातो.

मराठ्यांना ही उणीव दिसली नव्हती असें मात्र नाहीं. महादजी शिंदे यांनीं १७८४ सालीं द बॉयन यास चाकरीस ठेवलें, आणि आग्र्यास सँगस्टर नांवाच्या स्कॉट कारागिराच्या देखरेखीखालीं तोफा ओतण्याचा व बंदुका करण्याचा कारखाना उभा राहिला. त्या कारखान्याची करामत १८०३ सालीं असईच्या रणांगणावर दिसून आली. तेथें सुमारें शंभर तोफा इंग्रजांच्या हातीं लागल्या, आणि त्यांतील पितळी तोफांची वाखाणणी खुद्द वेलस्लीनें केली. देशी भूमीवर, देशी हातांनीं झालेली वस्तु युरोपच्या तोडीची होऊं शकते, हें येथें सिद्ध झालें. पण त्याबरोबर दुसरीहि एक गोष्ट सिद्ध झाली. युद्ध सुरू होतांच शिंद्यांच्या कवायती पलटणींतील अनेक युरोपीय अधिकारी इंग्रजांच्या जाहीरनाम्याचा फायदा घेऊन निघून गेले. तोफा मागें राहिल्या. तोफांची विद्या ज्यांच्या डोक्यांत होती त्यांच्यापैकीं बरेच गेले. माप कागदावर, शाळेंत आणि शिष्यपरंपरेंत उतरलें नाहीं, तर तें पगारी मनुष्याबरोबर येतें आणि त्याच्याबरोबरच जातें.

इंग्रजांनीं हा धडा आपल्यापेक्षां अधिक नीट शिकून घेतला. १८५७ नंतर देशी पलटणींच्या हातीं गोऱ्या पलटणींपेक्षां एक पिढी जुनी बंदूक द्यावयाची, असें धोरण त्यांनीं पुष्कळ वर्षें चालविलें. गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हां हिंदी शिपायाकडे स्नायडर होती. गोऱ्यांकडे मॅगझीनची ली-मेटफर्ड आली तेव्हां हिंदी शिपायाकडे मार्टिनी आली. १८७८ च्या शस्त्रकायद्यानें सामान्य प्रजेच्या हातांतून शस्त्र काढून घेतलें. याहून बोलका पुरावा म्हणजे बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यानें पोलिसांसाठीं केलेली ४१० नंबरची बंदूक. मूळ रायफल दहा गोळ्यांच्या मॅगझीनची. पण पोलिसांच्या बंदुकीची नळी गुळगुळीत करून मॅगझीनच्या जागीं लांकडाचा ठोकळा बसविण्यांत येई, म्हणजे एका वेळीं एकच काडतूस भरतां यावें. ही बंदूक उद्यां लोकांच्या हातीं पडली तरी तिच्यापासून फारसें भय राहूं नये, ही त्यांतील दूरदृष्टि. ज्या क्षुद्र पेटीविषयीं आम्ही वर इतकें लिहिलें, तिची खरी किंमत राज्यकर्त्यांनीं त्या लांकडी ठोकळ्यानें लिहून ठेविली आहे.

महाराष्ट्रांतील क्रांतिकारकांना ही किंमत कळली होती. सावरकरांनीं लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलें पाठविलीं, आणि चतुर्भुज अमीन यानें तीं १९०९ सालीं हिंदुस्थानांत आणलीं. त्यांपैकीं एक घेऊन अनंत कान्हेरे यानें २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत कलेक्टर जॅक्सनचा वध केला. १९ एप्रिल १९१० रोजीं कान्हेरे, कर्वे व देशपांडे हे ठाण्याच्या तुरुंगांत फांसावर चढले. त्या कृत्याच्या नीतीची चर्चा हा या लेखाचा विषय नव्हे. शस्त्राची कथा मात्र विचार करण्यासारखी आहे. ब्राउनिंग पिस्तूल हें बेल्जममधील एर्स्ताल येथील कारखान्याचें. तो कारखाना १८८९ सालीं सरकारी रायफली बनविण्यासाठीं निघाला होता, म्हणजे सारख्या मापाची शिस्त त्याच्या पायांतच होती. त्याच्या सात गोळ्यांच्या पिस्तुलानें नाशिकास इमान राखलें. पण त्या विसांचें एकविसावें करण्याचें सामर्थ्य आपल्या देशांत नव्हतें. त्यांतील एखाद्याची पेटी चेपली असती तर तिच्या जागीं खात्रीची दुसरी घालण्याचेंहि नव्हतें.

ही विवंचना सातारा जिल्ह्यास पुढें १९४२ सालीं अधिक मोठ्या प्रमाणावर भोगावी लागली. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यांत आजच्या सांगली जिल्ह्याचे तासगांव, वाळवें, खानापूर वगैरे तालुके मोडत. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला, आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. बेचाळीसच्या सप्टेंबरांत या जिल्ह्यांतून जे मोर्चे निघाले, ते निःशस्त्र होते. ९ सप्टेंबरला वडूज येथें गोळीबारांत नऊ माणसें पडलीं. दुसऱ्या दिवशीं इस्लामपुरास पुन्हा गोळीबार झाला, आणि त्यांत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यांतील पंड्या नांवाचे इंजिनिअर मृत्यु पावले. यंत्राच्या मापांत जन्म घालविणारा मनुष्य रिकाम्या हातांनीं सरकारी बंदुकीपुढें उभा राहिला आणि पडला, ही गोष्ट आम्हांस या सर्व इतिहासांत फार अर्थपूर्ण वाटते.

त्यानंतर चळवळ भूमिगत झाली, आणि क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं प्रतिसरकार उभें राहिलें. शस्त्रें हवीं होतीं. तीं यावयाचीं कोठून? २४ जुलै १९४३ रोजीं वसंतदादा पाटील व त्यांचे साथी सांगलीच्या तुरुंगांतून पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून बाहेर पडले. पाठलागांत अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव हे धारातीर्थीं पडले, आणि खुद्द दादा गोळी लागून पकडले गेले. गोव्याच्या वाटेनें शस्त्रें आणण्याचे प्रयत्न झाले. त्याच कामगिरींत बाळ जोशी पोर्तुगीज पोलिसांच्या हातीं सांपडले. त्यांच्या सुटकेच्या खटपटीसाठीं नाना पाटलांच्या कन्या हौसाताई गोव्यांत गेल्या होत्या, आणि परततांना त्यांनीं मध्यरात्रीं मांडवी नदी लांकडी पेटीच्या आधारानें ओलांडली. अशा रीतीनें जमलेलें शस्त्र म्हणजे दहा घरचें दहा तऱ्हेचें. ज्याचें काडतूस त्याला, ज्याची पेटी त्याला. हिसकावलेल्या बंदुकीबरोबर कारखान्याची हमी येत नाहीं, आणि चोरवाटेनें आलेल्या पिस्तुलाचे सुटे भाग मागविण्यास टपालखातें उपयोगी पडत नाहीं.

म्हणून तुफान सेनेनें आपले डाव शस्त्राच्या भरंवशावर टाकले नाहींत. ७ जून १९४३ रोजीं शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडविण्यांत आली, तेव्हां कॅप्टन भाऊ व जी. डी. बापू लाड यांच्या मंडळींजवळ कोयते, काठ्या आणि कांहीं गावठी बाँब होते. बंदुकीचा बार काढण्याची पाळी आली नाहीं. रुळावर दगड रचणें, मागची वाट अडविणें, वेळ साधणें आणि गांवोगांवच्या लोकांनीं तोंड मिटून राहणें, हें त्यांचें खरें शस्त्रागार होतें. पुढें आझाद हिंद सेनेंतील शिपाई शिक्षणासाठीं मिळाले. परंतु २५ फेब्रुवारी १९४६ रोजीं मणदूरजवळ सशस्त्र पोलिसांशीं गांठ पडली, तेव्हां किसन अहिर आणि नानकसिंग यांना प्राणास मुकावें लागलें.

यावर कोणी म्हणेल कीं, एवढा सर्व महिमा कारखान्याचाच असेल, तर कारखान्याचा शिक्का पाहावा आणि निश्चिंत व्हावें. इतिहास तसें म्हणूं देत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडच्या कारखान्यांनीं लक्षावधि स्टेनगनी बाहेर काढल्या. तिची बत्तीस गोळ्यांची पेटी मुळांतच नाजूक योजलेली होती. दोन ओळींत रचलेलीं काडतुसें तोंडाशीं एका ओळींत यावयाचीं, तेथें अडथळा होई. म्हणून शिपाई तींत तीसच, किंवा त्याहूनहि कमी, गोळ्या भरीत. २७ मे १९४२ रोजीं प्राग शहरांत नाझी अधिकारी हायड्रिक याच्या मोटारीपुढें गाब्चिक हा झेक वीर स्टेनगन रोखून उभा राहिला, आणि ती चाललीच नाहीं. कारणाविषयीं मतभेद आहेत, फळ एकच. सोबत्यानें बाँब टाकला म्हणून हायड्रिक जखमी झाला व पुढें ४ जूनला मेला. उलट त्याच सुमारास पोलंडच्या भूमिगत सेनेनें जर्मनांच्या नाकाखालीं ‘ब्लिस्काविट्सा’, म्हणजे वीज, या नांवाची बंदूक बनविली. निरनिराळ्या लहान दुकानांतून एकेक भाग होई आणि ते एके ठिकाणीं जुळविले जात. अवघड जोडकामाच्या ऐवजीं स्क्रू योजले होते, म्हणजे साध्या दुकानांतहि काम व्हावें. स्टेनचीच पेटी तिला चालेल असें माप धरलें होतें. अशा सुमारें सातशें बंदुका झाल्या. मोठा कारखाना नाहीं, नांव नाहीं, शिक्का नाहीं. पण आराखडा एक आणि तो सर्वांनीं पाळलेला. मूळ कारखान्याचा भाग श्रेष्ठ ठरतो तो या शिस्तीमुळें. शिस्त जेथें असेल तेथें तो मान परक्या दुकानालाहि मिळतो, आणि जेथें नसेल तेथें मूळ शिक्क्यालाहि मिळत नाहीं.

ही शिस्त आपल्या प्रदेशांत आली ती शस्त्राच्या वाटेनें आली नाहीं. नांगराच्या वाटेनें आली. १९१० सालीं औंध संस्थानच्या आश्रयानें लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला. लोखंडी नांगरानें जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज असतां त्यांनीं लोखंडी नांगर करून तो त्यांच्या गळीं उतरविला. १९२२ पासून सातारा रोड येथें धनजीशा कूपर यांच्या कारखान्यांतहि नांगर होऊं लागले. लांकडी नांगर गांवचा सुतार त्या त्या शेतकऱ्यापुरता करी. लोखंडी नांगराचा फाळ झिजला म्हणजे नवा फाळ जुन्याच भोंकांत, जुन्याच बोल्टांनीं बसला पाहिजे. पेठेंतून आणलेला फाळ घरच्या नांगरावर विनातक्रार बसला, त्या दिवशीं शेतकऱ्याला सारख्या मापाचा अर्थ कळला. ज्या कुंडलांत प्रतिसरकारचा तळ होता, त्याच्या शेजारींच हें मापाचें विद्यापीठ चाललें होतें. परंतु विद्या एका पिढींत पेरावी लागते आणि पीक दुसऱ्या पिढीस मिळतें. बेचाळीसच्या वीरांना तें पीक शस्त्ररूपानें मिळण्याइतका अवधि नव्हता, आणि परक्या सत्तेनें तो मिळूंहि दिला नसता.

प्रतिसरकारच्या शस्त्रांची उणीव आम्ही येथें दाखविली, ती त्यांच्या पराक्रमास कमीपणा आणण्यासाठीं नव्हे. ज्यांच्या हातांतील पिस्तुलाची दुसरी गोळी सुटेल कीं नाहीं याची शाश्वति नव्हती, तरी जे पुढें गेले, त्यांचें धैर्य ज्यांच्या पाठीशीं शस्त्रागारें होतीं त्यांच्या धैर्यापेक्षां निराळ्या जातीचें होतें. पण त्यांच्या वारसांनीं त्या धैर्याचें केवळ स्मारक करून थांबूं नये. धारवाडच्या गोलंदाजाला आपल्या तोफेचा भरंवसा नव्हता, आग्र्याच्या कारखान्याचें माप परक्याच्या डोक्यांत राहिलें, नाशिकच्या पिस्तुलाची दुसरी पेटी समुद्रापलीकडे होती. तीन शतकांत पसरलेलीं हीं तीन दुःखें एकाच दुःखाचीं रूपें आहेत. आज सातारा-सांगलीच्या ओतशाळांतून आणि यंत्रशाळांतून सुटे भाग बाहेर पडतात, आणि “चालतंय कीं” म्हणून केसभर चूक सोडून देण्याचा मोह तेथेंहि होतच असेल. त्या केसभर अंतरांत पूर्वीं माणसें मेलेलीं आहेत, एवढें काम करणाऱ्या हातांना ठाऊक असावें.